नापास रजिस्टरच्या चोवीस ओळी

ऑफिसातले किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. ड्रॉवरच्या तळाशी टाचण्या साठतात तसे ते आपोआप साठतात, आणि वीस-पंचवीस वर्षांनी सहज हात घातला की टोचतात. माझ्या ड्रॉवरमधल्या टाचण्या मात्र सगळ्या एकाच प्रकारच्या आहेत. प्रत्येक किश्शात कुणीतरी दारात उभं आहे आणि मशीन त्याला आत घेत नाही!

नव्वदच्या पुढची दोन-तीन वर्षं. परभणीतलं एक सरकारी ऑफिस. कुठलं ते सांगत नाही, त्यातली निम्मी माणसं अजून बाजारात भेटतात. नोकरीसाठी नाव नोंदवलेल्या पोरांच्या याद्या करून वर पाठवायच्या, हे आमचं काम. तिथं औरंगाबादहून एक मोठं मशीन आणि त्याला एकाच काळ्या वायरीनं जोडलेले चार कॉम्प्युटर आले. काचेची केबिन झाली, एसी बसला, दारात चपला काढायची पाटी लागली. आणि मशीनसोबत मी आले. पूर्णेची, रेल्वेवाल्याची मुलगी, नांदेडला कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेली.

माझी ऑर्डर सहा महिन्यांची, तात्पुरती. मशीनची चाचणीही सहा महिन्यांचीच. मशीन राहिलं तर मी राहणार. मशीन गेलं तर मी परत पूर्णेला, आणि नोकरी सुटून घरी आलेल्या मुलीचं पुढं काय होतं, ते आमच्याकडं कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

आमचे साहेब पुण्याचे. माणूस सरळ, पण मशीनवर भरवसा शून्य. त्यांनी पहिल्याच आठवड्यात एक रजिस्टर उघडलं. तारीख, नाव, कारण असे तीन रकाने. ज्याचं लॉगिन चुकेल त्याचं नाव लिहायचं, प्रत्येक चुकीला एक ओळ. ऑफिसनं त्याचं नाव ठेवलं ‘नापास रजिस्टर’.

"एक पान," साहेब म्हणाले. "चोवीस ओळी. सहा महिन्यांच्या आत पान भरलं, तर मी वर लिहिणार, मशीन घेऊन जा!"

त्या दिवसापासून मी रात्री देवाचं नाव घेण्याआधी ओळी मोजायची.

*

लॉगिन वाटायचे होते तो दिवस. लॉगिन म्हणजे मशीनला सांगायचं आपलं नाव, आणि पासवर्ड म्हणजे त्या नावाची गुप्त किल्ली. साहेबांनी यादी वाचली: ते स्वतः, टायपिस्ट कदमबाई, मी, आणि चौथं नाव एका बाबूचं, ज्याची बदली आधीच हिंगोलीला झालेली होती.

मागच्या खुर्चीवरून आवाज आला, "साहेब, आमी बी हाय."

ते वाघमारे अण्णा. चुडाव्याचे, रोज गाडीनं येणारे, ऑफिसातले सगळ्यात जुने क्लार्क. जिल्ह्यातल्या कुठल्या गावात वाघमारे किती आणि गायकवाड किती, हे त्यांना तोंडपाठ. त्यांचं वय पाहून साहेबांनी त्यांना धरलंच नव्हतं.

साहेबांची एक सवय होती. आमच्या टिपणांवर ते लाल पेननं गोल काढायचे, आणि बोलण्यातही सोडायचे नाहीत. ते म्हणाले, "वाघमारे, ‘आमी बी हाय’ नाही. ‘आम्हीही आहोत’ म्हणा."

अण्णा म्हणाले, "तेच म्हणायलोय की साहेब!"

चौथं लॉगिन अण्णांना मिळालं. त्यांचं इंग्रजी बेताचं होतं, म्हणून मी त्यांना एवढंच शिकवलं: शब्द मराठीच ठेवा, अक्षरं इंग्रजी, मी-ला i लावा, य आला की y लावा, आणि पासवर्ड सख्ख्या भावालाही सांगू नका. अण्णांनी मान हलवली, मला पाठ फिरवायला लावली, आणि एका बोटानं किल्ली बसवली.

*

रजिस्टरातली पहिली ओळ कुणाची? साहेबांची!

पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काही उमटत नाही, कुणी बघू नये म्हणून. हे मी सांगितलं होतं, पण साहेब तेव्हा फोनवर होते. त्यांनी बटणं दाबली, काही दिसेना. पुन्हा दाबली, मग जोरात दाबली.

"अहो, तुमचा कीबोर्ड मेलाय!"

एका दमात तीनदा पासवर्ड चुकला की मशीन ते खातं बंद करायचं, आणि ते उघडायची मुख्य किल्ली आमच्याकडं नव्हती. ती औरंगाबादला, लखोट्यात. तिथला माणूस मंगळवारी यायचा आणि कुलूप उघडून जायचा. तो दिवस होता बुधवार.

पहिल्याच दिवशी तीन ओळी गेल्या. कारणाच्या रकान्यात साहेबांनी स्वतःच्या हातानं तीनदा लिहिलं, ‘यंत्रदोष’. 

*

कदमबाई मानवतच्या. टायपिंगला बिजली. एका सोमवारी त्यांचा पासवर्ड लागेना. एकदा चुकला. मी धावले.

"बाई, काय ठेवलाय पासवर्ड?"

"यांचं नाव."

"कुणाचं?"

"अगं, यांचं!"

नवऱ्याचं नाव त्या घेत नव्हत्या. मी म्हटलं, स्पेलिंग चुकत असेल, मला सांगा, ओळी जाताहेत! बाई लाजल्या, पदर सारखा केला, आणि भर केबिनमध्ये उखाणाच घेतला:

"कापसाच्या गाड्या उभ्या मोंढ्याच्या दारात, माणिकरावांचं नाव गेलं मशीनच्या उदरात!"

मी घाईघाईनं माणिक टाइप केलं. चुकलं. दुसरी ओळ गेली. आता एकच संधी. मी विचारलं, "बाई, माणिकच ना?"

बाईंनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी काहीतरी घाण बोलले. "नुसतं माणिक? मशीनपुढं म्हणून काय झालं, नवऱ्याला अरेतुरे करू?"

पुढं ‘राव’ लावल्यावर मशीननं मुकाट दार उघडलं.

*

मी पूर्णेहून पॅसेंजरनं ये-जा करायची. मध्ये एकदा माझंच खातं बंद पडलं. घाईत माझ्याकडून मोठ्या अक्षरांचं बटण दाबलेलं राहिलं होतं, आणि तिन्ही वेळा तीच चूक! दुसऱ्याला शिकवणारी मी, माझ्याच नावावर तीन ओळी. रडू येत होतं. गाडीत बसले तर चुडाव्याला जाणारे अण्णा पलीकडच्या बाकावरून ओरडून विचारतात, "झालं का गं लॉगिन?"

मी म्हटलं, "नाही हो अण्णा. तीनदा झालं, तिन्ही वेळा फिसकटलं. आता मंगळवारी औरंगाबादचा माणूस येणार आहे, तो बघेल."

समोर आमच्या गल्लीतली एक मावशी बसली होती. ती हळहळून बघत होती.

घरी पोचले, तर मावशी माझ्या आधी पोचलेली आणि आई दारातच उभी. "तीनदा लगीन फिसकटलं आन् आमाला पत्ता न्हाई? आन् मंगळवारी औरंगाबादचा कोन बघायला यायलाय?"

तिला समजावता समजावता जेवण गार झालं. आणि गंमत म्हणजे मंगळवारी आईनं खरंच विचारलं, "मग? काय म्हणला त्यो?"

*

एका सकाळी सगळ्यांचंच लॉगिन जाईना. ज्याचा त्याचा पडदा एकच सांगायचा, मोठं मशीन सापडत नाही. साहेब म्हणाले, ज्यानं ज्यानं प्रयत्न केला, त्याची त्याची ओळ लिहा. अण्णा तेवढे वाचले, कारण ते अजून चहा पीत होते आणि चहा संपल्याशिवाय त्यांनी कधीच कशाला हात लावला नाही. त्यांच्या वाटणीची ओळ साहेबांनी दुसऱ्यांदा आपटून स्वतःच भरली.

मी गुडघे टेकून वायरीच्या कडेनं रांगायला लागले. या वायरीच्या शेवटच्या टोकाला एक छोटं पितळी टोपण असतं. ते नसलं की सगळी वायर आंधळी. आणि ते टोपण गायब!

शिपाई गफूरचाचा दारात उभे होते. त्यांनी शांतपणे कमरेची किल्ली काढली, कपाट उघडलं, आणि शिक्क्यांच्या डब्यातून टोपण काढून माझ्या हातावर ठेवलं.

"बेटा, रात को खुल्ला पडा रहता था. कोई ले गया तो मेरे ऊपर आता ना! मैं तो रोज शाम को निकाल के रखताव, सुबह लगा देताव. आज जरा भूल गया."

रोज! तीन महिने ते टोपण रोज संध्याकाळी कुलपात जात होतं आणि रोज सकाळी परत लागत होतं, आणि मला पत्ताच नव्हता. चाचांना रागवायचं सोडून मी टोपण जागेवर लावलं. एवढ्या काळजीनं त्या मशीनला दुसरं कुणी जपत नव्हतं.

*

खंडेनवमीला ऑफिसात यंत्रांची पूजा झाली. साहेबांच्या हस्ते नारळ फुटला. कदमबाईंनी आमच्या तिघांच्या कीबोर्डांना हळदकुंकू वाहिलं, वर फूल, वर अक्षता, आणि वर भक्तिभावानं थोडं नारळाचं पाणी!

दसऱ्याची सुटी संपवून आलो तर a चं बटण बसलेलं. कुंकू, पाणी आणि दोन दिवस, घट्ट लापशी. आता सांगा, मराठी माणसाच्या नावातून a काढला तर उरतं काय? कदमबाई आत जाईनात, साहेब आत जाईनात, मी आत जाईना. कळेपर्यंत पाच ओळी गेल्या.

चालू होता फक्त अण्णांचा कीबोर्ड. अण्णा पूजेला थांबत नसत. त्यांच्या घरानं छप्पन्न सालीच हे सगळं सोडलं होतं. त्या दिवशी ते नेहमीसारखे बाहेर उभे राहून सगळ्यांच्या चपलांवर लक्ष ठेवत होते, आणि प्रसादाचं खोबरं मात्र मागून घेऊन खाल्लं होतं.

मंगळवारपर्यंत सगळं ऑफिस अण्णांच्या खुर्चीपुढं रांगेत. अण्णा उठून जागा द्यायचे आणि म्हणायचे, "या, बसा. आमच्या मशीनला कुंकू न्हाई, म्हणून चालायलंय!"

साहेबांसकट सगळे हसले. पण मी रजिस्टर उघडलं तेव्हा एक गोष्ट माझ्या लक्षात आली. इतक्या ओळींत वाघमारे हे नाव कुठंच नव्हतं. अण्णांना मी ते दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून सगळं पान वाचलं, पुन्हा वाचलं, आणि म्हणाले, "ऱ्हाऊ दे असंच." त्या माणसाला मी एवढं खूश कधी पाहिलं नव्हतं.

*

आता शेवटचा.

चाचणीचा शेवटचा दिवस. किरकोळ चुका धरून एकवीस ओळी भरल्या होत्या, तीन उरल्या होत्या. शेवटची यादी पाचच्या आत छापून औरंगाबादच्या सरकारी जीपमध्ये द्यायची होती. यादी तयार होती. अण्णांनी ती नाव नाव तपासून आपल्या खात्यात ठेवली होती. फक्त अण्णा यायचे होते.

आणि त्या दिवशी बंद पुकारला गेला.

विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस. वातावरण तापलेलं. एसटी आगारात उभ्या, गाड्या जागच्या जागी. मी आदल्या दिवशीच चाहूल लागून परभणीत मैत्रिणीकडं थांबले होते. ऑफिसात साहेब, कदमबाई, गफूरचाचा आणि मी, चौघेच. बाजारातली शटरं खाली, रस्त्यावर पोलिसांची गाडी सोडली तर शुकशुकाट. अण्णा चुडाव्याला अडकलेले. चाचांनी सकाळपासून वायरीच्या टोकाशी स्टूल टाकलं होतं आणि टोपणावर हात ठेवून बसले होते.

दोन वाजता साहेब म्हणाले, "वाघमारेंचा पासवर्ड दुसरा काय असणार? लिहा, नामांतर."

मी म्हटलं, "साहेब, विचारून घेऊ. तीनच संधी आहेत."

"अहो, सोळा वर्षं हा माणूस दुसरं काय बोलतोय? लिहा!"

खरं सांगायचं तर मलाही तेच वाटलं होतं. मी लिहिलं. चुकलं.

 कदमबाई तोंडाला पदर लावून उभ्या. मग साहेबांनी चुडाव्याच्या पोस्टात अर्जंट कॉल बुक केला. पोस्टमास्तर म्हणाला, अण्णांना बोलावून बसवतो, थोड्या वेळानं लावा. दुसरा कॉल लागायला साडेतीन वाजले. एक्स्चेंजची बाई म्हणाली, "तीनच मिनिटं हां, आज लाइन लय बिझी हाय."

फोन साहेबांच्या टेबलावर, मशीनची केबिन हॉलच्या दुसऱ्या टोकाला. साहेब रिसीव्हर धरून ओरडणार, मी टाइप करणार, असं ठरलं.

"वाघमारे! पासवर्ड सांगा!"

पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही, पण साहेबांचा चेहरा लाल झाला. "कुणाला सांगायचा नाही म्हणजे? मी आदेश देतोय!... काय? हिनं म्हटल्याशिवाय नाही?"

मी केबिनच्या दारातून जीव खाऊन ओरडले, "अण्णा, सांगा! साहेबांना सांगा!"

साहेबांनी रिसीव्हर माझ्या दिशेनं धरला होता, मग कानाला लावला. ऐकलं. मान डोलावली. आणि मला खणखणीत आवाजात सांगितलं, "लिहा: आम्हीही आहोत!"

मी अक्षर अक्षर जुळवलं. बोट घसरलं तर म्हणून पुन्हा सगळं पुसून लिहिलं. बटण दाबलं.

चुकलं.

"साहेब, नाही लागत!"

"वाघमारे, नीट सांगा!" साहेब फोनवर ओरडले. "तेच? पुन्हा तेच? जसं बोलतो तसं लिवा म्हणजे काय? हॅलो! हॅलो!"

तीन मिनिटं संपली होती. एक्स्चेंजची बाई म्हणाली, पुन्हा लाइन साडेपाचनंतर.

घड्याळात चारला पंधरा मिनिटं कमी. एक ओळ, एक संधी. चुकली की खातं मंगळवारपर्यंत बंद, यादी आत, आणि मी पूर्णेच्या गाडीत. साहेब हॉल ओलांडून माझ्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले. 

मी विचारलं, "साहेब, अण्णा नेमकं काय म्हणाले?"

"सांगितलं ना, आम्हीही आहोत."

"तसं नाही साहेब. त्यांचे शब्द. अण्णा म्हणाले तसं म्हणा."

साहेबांनी कदमबाईंकडं पाहिलं. चाचांकडं पाहिलं. खिशाला लावलेल्या लाल पेनला उगाच हात लावला. ऑफिसातल्या एकालाही ते शब्द तसे बोलू न देणारा माणूस. मग हळू आवाजात, एकेक शब्द सुटा करून, ते म्हणाले:

"आमी... बी... हाय."

मी-ला i. य आला की y. मी डोळे मिटून बटण दाबलं.

उघडलं!

चाचांनी टोपणावरचा हात काढला नाही, दुसऱ्या हातानं डोळे पुसले. पावणेपाचला यादी जीपमध्ये गेली. मशीन राहिलं, मीही राहिले, ते वेगळं सांगायला नको.

पण त्याच संध्याकाळी रजिस्टर भरायचं होतं. दोन चुका, दोन ओळी, आणि खातं अण्णांचं. नियम तो नियम. नावाच्या रकान्यात मी ‘वा’ लिहिला तेवढ्यात साहेबांनी माझ्या हातातून पेन काढून घेतलं. माझा ‘वा’ खोडला. दोन्ही ओळींत स्वतःचं नाव लिहिलं.

मग खिशातलं लाल पेन काढून कारणाचा रकाना भरला. पहिल्या ओळीत: ‘गृहीत धरले.’

दुसऱ्या ओळीत: ‘शुद्ध मराठी.’